चोराच्या बापालाही न सापडणारी चावी

मी लपवलेली वस्तू चोराच्या बापालाही सापडत नाही. ही बढाई नव्हे. आता तर आमचं अख्खं आवार याला साक्षीदार आहे.

आमच्या याकुत्स्कमध्ये हिवाळ्यात गाडी बाहेर उभी करणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं. दर थोड्या वेळानं इंजिन चालू करून तिला ऊब द्यावी लागते. एकदा का ती पुरती गारठली, की तिचा दगड होतो आणि तो वसंतातच वितळतो. म्हणून इथं जो तो रिमोट स्टार्टर बसवतो. घरात चहा पीत बटण दाबायचं, खाली गाडी सुरू! फक्त एक गोम आहे. आमची गाडी चावी आत असल्याशिवाय सुरू होत नाही. चावी कुठं खुपसायची नसते, खिशात असली तरी चालते, पण ती गाडीच्या पोटात हवी. मग घरातून गाडी सुरू करायची तर एक चावी कायमची गाडीतच लपवून ठेवायची. तिच्याभोवती एक डबी असते. रिमोट दाबला की डबी चावीला जागं करते, एरवी चावी मेल्यासारखी पडून. चोराला काही पत्ता लागत नाही.

हे काम गॅरेजवाल्याला द्यावं, असं माझी बायको कुन्नेई फोनवर बजावत होती. ती नर्स आहे. तीन महिने नोवोसिबिर्स्कला कसल्याशा प्रशिक्षणाला गेली होती आणि शनिवारी परत येणार होती.

"न्युर्गून, तू वायरींना हात लावू नकोस," ती म्हणाली. "मागं तू इस्त्री दुरुस्त केलीस, तेव्हा शेजारच्यांचे दिवे गेले होते."

"तू फक्त विमानातून उतर," मी म्हटलं. "दारात ऊबदार गाडी उभी असेल. आणि गाडीत फक्त आपण दोघं."

हे 'फक्त आपण दोघं' फार महत्त्वाचं होतं. तीन महिने माझ्या सोबतीला गावाहून सासूबाई आल्या होत्या. बाई प्रेमळ. रोज जाड जाड अलाद्या तळून घालायच्या. घावनं म्हणा ना, फक्त लोण्यात बुडालेली. पण घर दोन खोल्यांचं, आणि सासूबाईंचं लक्ष दोन्ही खोल्यांत. म्हणून मी विमानतळ ते घर या रस्त्यावर एका कॅफेत खिडकीजवळचं दोघांचं टेबल राखून ठेवलं होतं. तासभर तरी बायकोशी बायकोसारखं बोलावं, एवढीच इच्छा.

शुक्रवारी मित्राच्या गरम गॅरेजात मी कामाला लागलो. गाडी आदल्या रात्रीच तिथं नेऊन ठेवली होती; सकाळी दाराजवळच्या खिळ्यावरून चावी उचलून नेली. आमची ती एकुलती एक. दुसरी मासेमारी करताना लेना नदीला अर्पण झालेली. सासूबाई बाजारातून परस्पर तिथंच आल्या आणि मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. गावी त्यांची स्वतःचीही गाडी आहे, हुबेहूब आमच्यासारखी, त्यामुळे मत द्यायचा अधिकार होताच.

"ती चावी हलली तर?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. खिडक्यांच्या फटीत मारतात तो फोम घेतला आणि डॅशबोर्डच्या आत पिचकारीसारखा मारला. चावी, डबी, वायरी, सगळं पावासारखं फुगून घट्ट झालं. मग रिमोट दाबला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू! आम्ही दोघं डौलात घरी आलो. दारात ती बराच वेळ तशीच चालू ठेवून मी रात्री बंद केली, तिच्या बॉनेटवर गोधडी घातली आणि झोपलो.

शनिवारी सकाळी उणे सत्तेचाळीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभा राहिलो आणि ऐटीत बटण दाबलं. खाली दिवे लुकलुकले. गाडी एकदा कुईं करून गप्प झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा कुईं. खाली धावलो, आत बसून दाबलं. समोरच्या पडद्यावर चावीचं चित्र आलं आणि त्यावर फुली.

"असं कसं? चावी तुझ्या पोटात आहे," मी गाडीला म्हटलं.

आमच्या आवारात बंद गाडीचं बॉनेट उघडलं की माणसं आपोआप उगवतात. सगळ्यात आधी गाव्रिलकाका. आयुष्यभर खाणीवर बुलडोझर चालवला, त्यामुळे बुलडोझरहून लहान कुठलंही यंत्र त्यांना खेळणं वाटतं.

"रिमोट गारठलाय तुझा," ते म्हणाले. "काखेत धर. अंगाची ऊब मिळू दे."

मी रिमोट काखेत धरला. तेवढ्यात कुन्नेईचा फोन आला. फोन घ्यायला हात वर केला आणि गाडी भोंगा वाजवून किंचाळायला लागली.

"कोण ओरडतंय?" कुन्नेईनं विचारलं.

"गाडी. तू येतेस म्हणून."

"न्युर्गून, तू वायरींना हात लावलास का?"

"अगं, विमानात बस. दार लावतील," असं म्हणून मी फोन ठेवायला हात खाली केला, की पुन्हा भोंगा. नंतर टोपी सावरली, भोंगा. नाक पुसलं, भोंगा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी उघडून माझ्या घराण्याची चौकशी केली. काकांनी गोधडीखाली गरम हवेचा पंप लावला, म्हणून इंजिन निदान जिवंत राहिलं. पण सुरू होईना. मी डबीच्या कंपनीला, वायरींना, हवामानाला शिव्या दिल्या. माझं काही चुकलं असेल हा विचार मनाला शिवला नाही.

शेवटी दुपारी वरून सासूबाई उतरल्या. अंगात फरचा कोट, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात अलादीची बशी.

"जावईबापू, नवीन वस्तू बसवलीत आणि गाडीला घास भरवला नाहीत," त्या म्हणाल्या. "उपाशी कोण काम करतं?"

"आई, ती पेट्रोल खाते."

"ते रोजचं. हा मानाचा घास." त्या आत बसल्या, डॅशबोर्डवर अलादीचा तुकडा ठेवला आणि पुटपुटत आशीर्वाद देऊ लागल्या. आमच्याकडे चुलीतल्या अग्नीला आणि वाटेतल्या घाटाला घास देतात, ते मीही देतो. पण इलेक्ट्रॉनिक्सला? त्यांचं खोटं ठरवायचं म्हणून मी मुद्दाम सगळ्यांदेखत बटण दाबलं.

गाडी सुरू झाली.

गाव्रिलकाकांनी टोपी काढली. उणे सत्तेचाळीसमध्ये माणूस उगाच टोपी काढत नाही.

"योगायोग," मी म्हटलं. "आई, तुम्ही वर जा, थंडी आहे. मी कुन्नेईला घेऊन येतो." त्या उतरून जिन्यापर्यंत गेल्या. मी बसलो, ब्रेकवर पाय ठेवला (तेव्हाच गाडी चावी तपासते), इंजिन बंद. पडद्यावर फुली. सासूबाई परत आल्या, बसल्या, गाडी सुरू. उतरल्या, मी ब्रेक दाबला, बंद. आवारातल्या लोकांनी हा प्रयोग माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला. एकानं तर स्वतःची बंद पडलेली गाडी दाखवून विचारलं, "अक्सिन्यामावशी, जरा आमच्याही गाडीत बसता का?"

विमानाची वेळ होत आली. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "आई, चला."

"पुढच्या सीटवर बसेन," त्या म्हणाल्या. "मागं बसलं की मला मळमळतं."

विमानतळावर आणखी पंचाईत. माझ्या हातात फुलं, आणि सासूबाई दार उघडून उतरायला लागल्या.

"आई, तुम्ही बसा ना गाडीत. मी आणतो तिला. गाडी बंद पडली तर?"

"माझी लेक तीन महिन्यांनी येतेय, आणि मी इथं बॅटरीसारखी बसून राहू?" त्यांनी माझ्या हातातली फुलं घेतली आणि गेल्या. इंजिन चालू होतं ते चालूच राहिलं, पण गाडी रडवेली पीं पीं करू लागली. ब्रेकला पाय लागू नये म्हणून मी पाय पोटाशी घेऊन बसलो. काचेतून मला दिसलं, कुन्नेई बाहेर आली, इकडं तिकडं बघितलं, आणि माझ्या फुलांसकट आईच्या गळ्यात पडली. मला फार वाईट वाटलं. मी हॉर्न वाजवला, तर पोलिसानं दंडुका दाखवला.

दोघी आल्या. सासूबाई पुढं, बायको मागं. कॅफे आला तेव्हा मी फक्त त्याच्या खिडकीकडं बघितलं.

"तू पाय जवळ घेऊन का बसला होतास?" कुन्नेईनं विचारलं. मग सासूबाईंनी घासाची सगळी हकिगत सांगितली. कुन्नेई ऐकत होती, हसत होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिनं आईची पर्स ओढली आणि रुमाल शोधू लागली. रुमालाबरोबर बाहेर आली एक चावी.

"आई, ही आमच्या गाडीची चावी. कोपऱ्यावर माझ्याच दाताची खूण आहे. तुझ्या पर्समध्ये कशी?"

"माझी आहे ती. मीही खिळ्यालाच अडकवली होती, सोमवारी जायचं म्हणून काल बाजारात जाताना उचलली," सासूबाई म्हणाल्या.

तिघांनीही डॅशबोर्डकडं बघितलं. अलादीचा तुकडा अजून तिथंच होता.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "माझ्या गाडीची चावी ह्याच्या आत आहे?"

"उद्या काढून देतो, आई," मी म्हटलं. "सोमवारी तुम्ही खुशाल गावी जा."

ती काढता आली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. गॅरेजवाला मित्र डॅशबोर्डच्या फटीतून टॉर्च मारून आत बघत राहिला. मग म्हणाला, "फोमनं हीटरच्या वायरीही गिळल्यात. उकरायला गेलो तर हीटर जाईल. हीटरशिवाय हिवाळा काढणार असशील तर सांग." आम्ही ते काम उन्हाळ्यावर ढकललं.

सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे. चावी घेतल्याशिवाय त्या जाणार नाहीत. शिवाय आवारात त्यांना आता फुरसत नसते. कुठलीही गाडी कुरकुरली की लोक बशी घेऊन दारात येतात. खरं कारण सांगितलं तरी कुणी मानत नाही.

कॅफेतलं टेबल मी पुन्हा राखून ठेवलंय. या वेळी तिघांचं.