तीन घरांचा मसाला

परदेशी जायचं ज्याच्या मनात येई, तो आधी पासपोर्ट काढायचा आणि मग नझीरभाईंच्या ओट्यावर येऊन बसायचा. हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या त्या मोहल्ल्यात हा रिवाजच पडून गेला होता. नझीरभाईंनी उभी जवानी मस्कतला घालवलेली. परतल्यावर त्यांच्याकडे गुडघेदुखी आणि सल्ला एवढंच शिल्लक होतं, आणि सल्ला ते न मागताही देत. "पासपोर्ट सेठच्या हाती देऊ नको. पहिल्या पगारात नवा मोबाईल घेऊ नको. फोनवर रडू नको, रडायचं तर आंघोळ करताना." (हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज जरा उतरायचा, पण ऐकणाऱ्याचं ध्यान व्हिसात असायचं.)

आता त्यांचाच मुलगा फैझान निघाला होता. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्यांची बीवी अख्तरुन्निसा हिने अर्धं आयुष्य नवऱ्याला निरोप देण्यात काढलं होतं. नवरा एकदाचा घरी आला, तर मुलानं बॅग उचलली. ती रडली नाही. सकाळपासून तोंड मिटून नुसती भांडी घासत होती, त्यातली निम्मी स्वच्छच होती.

जाणाऱ्याच्या बॅगेत शेजाऱ्यांचाही वाटा असतो, त्याला कुणी नाही म्हणत नाही. काशिफाने मसाल्याची बरणी आणली. तिचा नवरा हारिस मस्कतला. लग्नानंतर महिन्याभरात गेलेला. नीराबाईनेही एक आणली. तिचा मुलगा प्रणय त्याच कंपनीत, त्याच खोलीत, आणि फैझानही तिथेच राहणार होता. तिसरी बरणी अख्तरुन्निसाची. इकडे मसाला म्हणजे त्या घराची ओळख. उन्हात मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, कुटून वर्षभराचा भरून ठेवायचा. शेजारीण चव देईल, प्रमाण देणार नाही.

बॅग काट्यावर चढवली तर वजन जास्त. "तुम्ही बाया चहा घ्या आत," नझीरभाई म्हणाले, "हे माझं काम हाय." आणि त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. (जगातले बरेच अनर्थ असेच, बाया चहा घेत असताना झालेले आहेत.)

चहा संपवून तिघी बाहेर आल्या, तेव्हा काटा सुतासारखा सरळ झाला होता.

"बरण्या बाहेर कशा?" अख्तरुन्निसाने विचारलं.

"काढल्या. काच काय कमी जड असते? बरण्या मस्कतला ढिगानं मिळतात."

"आणि मसाला?"

"हा काय! एका पिशवीत. वरून टेप पण मारलाय."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा," नझीरभाई म्हणाले. ते अजून शाबासकीची वाट बघत होते. "मसाला तो मसाला. पोटात जाऊन एकच होतो."

नीराबाईने कपाळावर हात मारला. "आवं नजीरभाय, माज्या पोराला दोन वरसांनी घरची चव धाडली व्हती! आता त्यानं कोनाची चव खायाची?"

काशिफाचे डोळे भरून आले. "मी पहिल्यांदाच एकटीनं कुटला होता, चाचा. झाकण उघडल्या उघडल्या त्यांना कळलं असतं, मी पाठवलाय म्हणून."

नझीरभाई गडबडले. "अगं पण तिकडे असंच असतं, बेटी! आमच्या खोलीत एकच डबा. ज्याच्या घरून आलं त्यानं त्यात ओतायचं. एकाची आई मेलेली, एकाला घरून कधी चिठ्ठीसुद्धा यायची नाही. त्याच्यासमोर आपली बरणी उघडून जेवायचं कसं?"

एवढ्या वर्षांच्या सल्ल्यांत हीच एक गोष्ट सांगण्याजोगी होती, आणि ती त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. नीराबाईने कपाळावरचा हात काढला. काशिफाने डोळे पुसले. नझीरभाईंना वाटलं, सुटलो.

"म्हणजे मी दर साल धाडायचे तो?" अख्तरुन्निसाने हळू आवाजात विचारलं.

"डब्यात."

"आणि तुम्ही फोनवर म्हणायचात, आज तुझ्या हाताची चव लागली."

"लागायचीच की! म्हणजे… त्यात ती पण असायचीच ना."

ती आत गेली, आपली वर्षाची मोठी बरणी घेऊन आली आणि दोघींना वाटून दिली, तळ दिसेपर्यंत. दोघी नको नको म्हणत राहिल्या. "नुकसान माझ्या घरातून झालं," ती म्हणाली, "भरपाई पण माझ्याच घरातून."

दुसऱ्या दिवशी ती मिसळलेली पिशवी घेऊन फैझान गेला. गाडीत बसताना नझीरभाईंना एकही सल्ला आठवेना. "मसाला सगळ्यांना दे," एवढंच म्हणाले, आणि मग त्यांना रडू आलं, तेही चारचौघांत, आंघोळीची वेळ नसताना.

त्यानंतर अख्तरुन्निसा कामापुरतंच बोलू लागली. नझीरभाईंना हे फार लागलं. ज्या घरासाठी इतकी वर्षं परमुलखात काढली, त्याच घरात आता ते परक्यासारखे वावरत होते. माफी कशी मागतात, हे मस्कतमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

जुम्म्याच्या नमाजानंतर ते जेवायला बसले. तिने कोलंबीचं कालवण वाढलं. पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे पाणावले. त्यांना वाटलं, अल्लानंच ही संधी दिली.

"अख्तर," ते गहिवरून म्हणाले, "दहा घरांच्या मसाल्यात मिसळला ना, तरी तुझा मसाला मी ओळखीन. हाच तो! सगळ्या दुनियेत अशी चव न्हाय."

अख्तरुन्निसाने त्यांच्याकडे पाहिलं. मग बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसू फुटलं.

"आणखी घ्या," ती पळीनं वाढत म्हणाली. "आपला मसाला तर वाटून संपला. हा नाक्यावरच्या दुकानातला हाय, पुडीचा."