साहेबांचं वजन

निर्मलाबाईंचा बोका परसातल्या भिंतीवर उडी मारायला गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला. मागे शेजारचं कुत्रं लागलं होतं. तरीही बोका उठून पळाला नाही. पडला तिथेच बसला आणि त्यानं जांभई दिली. कुत्र्याला हा प्रकार नवीन होता. ते थोडा वेळ बघत राहिलं आणि संकोचून निघून गेलं.

बोक्याचं नाव साहेब. तो वेळेवर जेवत असे आणि उरलेला दिवस झोपत असे, म्हणून निर्मलाबाईंनी हे नाव ठेवलं होतं. त्यांनी त्याला खोक्यात घालून मंचरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. काटा आठ किलोच्या पुढे गेला.

"हा काय खातो?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमी देतो ते."

"आणि करतो काय?"

"बसतो."

"दोन किलो उतरवा. खाणं निम्मं करा आणि पळवा त्याला. नाहीतर साखर होईल, पाय जातील, एखाद्या दिवशी बसल्या जागी संपेल."

मुलगी सासरी गेल्यापासून निर्मलाबाईंच्या मांडीवर बसणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. घोडेगावला घरी परतेपर्यंत एसटीत त्या खिडकीबाहेर बघत डोळे पुसत राहिल्या.

त्यांचे यजमान मच्छिंद्रअण्णा पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. जगातलं कुठलंही काम अडतं ते जबाबदारी निश्चित न झाल्यामुळे, असं त्यांचं अनुभवसिद्ध मत होतं.

"खायला कमी घालायचं, एवढंच ना?" निर्मलाबाई म्हणाल्या.

"एवढंच म्हणून भागत नाही. अंमलबजावणी कोण करणार?"

त्याच दिवशी घराचे तीन विभाग पडले. आहार निर्मलाबाईंकडे, व्यायाम स्वतः अण्णांकडे आणि दक्षता अण्णांच्या आई गजराबाईंकडे. म्हातारी दिवसभर ओसरीवरच बसून असल्यामुळे दक्षतेचा वेगळा खर्च पडणार नव्हता.

आठवड्यानं वजन केलं, तर साहेब पाव किलोनं वाढला होता. अण्णांनी सर्वांकडून खुलासे मागवले.

"म्या त्येला काय बी दिलं न्हाई," गजराबाई म्हणाल्या. "दुधात भाकर कुस्करून ताटली खाली ठिवली, ती त्यानं आपल्या मनानं खाल्ली."

"मग आई, तू दक्षता काय घेतलीस?"

"घेतली की. कुनी बघत न्हाई ना, ते बघितलं."

व्यायाम विभागाची स्थितीही फारशी समाधानकारक नव्हती. अण्णा दोरीला पीस बांधून अंगणात धावत, आणि साहेब बाजेवरून मान वळवत त्यांच्याकडे बघत राही. मान वळवणं हा व्यायामच आहे, असा निर्णय घेऊन अण्णा प्रत्येक वळणाला प्रोत्साहनपर सुकटीचा तुकडा देत. आठवड्यात अण्णांचा पट्टा एक भोक आत गेला.

पुढे असंही उघडकीस आलं, की दुपारी साहेब आळीतल्या घरांतून फेरी मारतो. लंकाबाईंच्या दारात डिंभ्याच्या धरणातले मासे, डेअरीवाल्या सुभाषकडे साय, असा त्याचा ठरलेला दौरा होता.

"दार लावून घेऊ," निर्मलाबाई म्हणाल्या.

"दार लावणं हा तात्पुरता उपाय झाला," अण्णा म्हणाले. "लोकसहभाग पाहिजे."

लोकसहभाग रामदासच्या रूपानं आला. रामदास माजी उपसरपंच होता आणि सध्या त्याच्याकडे कुठलंच पद नव्हतं. समिती कशाची आहे हे विचारायच्या आधीच त्यानं अध्यक्षपद स्वीकारलं. साहेब वजन नियंत्रण समितीची बैठक दर गुरुवारी अण्णांच्या ओसरीवर भरू लागली. बैठकीला रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून लंकाबाई तळलेले मासे घेऊन येत. सुभाष बासुंदी आणी. साहेबाला कुणीही काही खायला घालू नये, हा ठराव मासे खाता खाता एकमतानं मंजूर झाला. माशांची डोकी मधोमध बसलेल्या लाभार्थ्याकडे गेली.

निर्मलाबाई त्याला उचलायला आल्या, तर रामदासनं अडवलं.

"वैनी, ज्याच्यासाठी मीटिंग हाय त्येलाच उठवता व्हय? उद्या कुनी म्हनंल, लाभार्थ्याला डावललं."

"खातोय तो."

"खाऊ द्या. त्याबिगर वजनाचा प्रश्न किती गंभीर हाय ते मेंबरांना कळायचं कसं?"

महिनाभरात समितीतल्या सगळ्यांच्या अंगाला बाळसं आलं. साहेबाला आता बाजेवर चढवावं लागे.

मग जनजागृतीचा टप्पा आला. रामदासनं एसटी थांब्यावर फ्लेक्स लावला. त्यावर हात जोडलेला रामदास पुरुषभर उंचीचा होता, भोवती सदस्य होते आणि खालच्या कोपऱ्यात बोका होता. त्याच्यावर छापणाऱ्याचा फोन नंबर आल्यामुळे तो दिसत नव्हता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'साहेबांचं वजन कमी करणारच!'

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या दारात जीप थांबली आणि पाच-सहा पोरं उतरली.

"कोनत्या साहेबांचं वजन कमी करताय तुमी?"

तालुक्यात साहेबांची कमतरता नाही. अण्णांनी घाईघाईनं बाजेकडे बोट दाखवलं. म्होरक्यानं बोक्याकडे बघितलं, बोक्यानं म्होरक्याकडे बघितलं.

"ह्यो?"

"हाच. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सांगितलं असंल. पन अण्णा, नावाला मान असतो का न्हाई? साहेबांचं वजन कमी, हे वाचायला कसं वाटतं राव?"

बरोबर आणलेला काळ्या रंगाचा डबा त्यांनी जीपमध्येच राहू दिला आणि त्याच जीपमधून हार व पेढ्यांचा पुडा काढला. अशा लोकांना दोन्ही प्रसंगांची तयारी ठेवावी लागते. बोक्याला हार घालून, पेढा भरवून, फोटो काढून ते गेले. आपण मागे पडायला नको म्हणून दुपारी दुसऱ्या साहेबांची माणसं मोठा पुडा घेऊन आली. संध्याकाळी थांब्यावर नवा फ्लेक्स झळकला: 'साहेबांचं वजन असंच वाढत राहो!'

आता समितीपुढे पेच पडला. तो रामदासनं सोडवला. मंचरला वजन झालं तेव्हा बोक्याखाली गोधडी होती का? होती. मग गोधडीचं वजन वजा केलं पाहिजे. शिवाय वजन करायच्या आधी तो जेवला होता. तेही वजा केलं. अशा रीतीनं बोक्याला धक्का न लावता कागदावरचं वजन उतरलं, मोहीम यशस्वी ठरली आणि रविवारी सत्काराचा कार्यक्रम ठरला.

रविवारी साहेब उठलाच नाही. तोंड उघडं टाकून तो धापा टाकत होता. अंगणात खुर्च्या मांडणं चालू होतं. अण्णा हातातलं भाषण तसंच धरून त्याच्याजवळ बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. निर्मलाबाईंनी खोकं आणलं, साहेबाला आत ठेवलं आणि पायांत चपला घातल्या.

"निघालीस कुठं?"

"आधी डॉक्टरांकडं, मग भागूकडं."

भागू त्यांचा भाऊ. डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची भातशेती होती.

"तिथं याच्यावर देखरेख कोण करणार?"

"कुनीच न्हाई," निर्मलाबाई म्हणाल्या. "म्हनून तर नेते."

भागूच्या घरी दुधाचा सुकाळ नव्हता. माळ्यावर भात होतं, नाचणी होती आणि ती खायला उंदीर होते. निर्मलाबाई डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच देत आणि भावाबरोबर खाचरात जात. पहिले काही दिवस साहेब चुलीपाशी बसून कुणीतरी येण्याची वाट बघत राहिला. कुणी आलं नाही. मग तो आपण होऊन माळ्याच्या शिडीची एक पायरी चढला. इकडे अण्णा रोज फोन लावत. तिकडे रेंज नसे. गुरुवारच्या बैठका मात्र नियमित होत होत्या. लाभार्थी जागेवर नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भातं निघाल्यावर निर्मलाबाई परतल्या. थांब्यावर अण्णा उभे होते. एसटीचं दार उघडताच साहेबानं खोक्यातून उडी मारली आणि तो त्यांच्या पायांतून तीरासारखा पुढे पळाला. मंचरच्या काट्यानं सहा किलो दाखवले. डॉक्टरांनी निर्मलाबाईंना चहा पाजला. अण्णांचा आनंद पोटात मावेना. गुरुवारी त्यांनी साहेबाला स्वतः उचलून समितीपुढे ठेवलं.

रामदासनं त्याला उलटसुलट करून बघितलं. "अण्णा, ह्यो आपला साहेब न्हाई."

"अहो, तोच आहे. शेपटीचा पांढरा गोंडा बघा."

"गोंडा जुळतोय. पन साहेब असा असतो का? ह्यो तर शिपाई दिसतोय."

बोका सवयीनं लंकाबाईंच्या ताटलीकडे सरकला. "हाड," लंकाबाई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला सुभाषनं डेअरीवरचा एक गलेलठ्ठ बोका आणला. त्याच्या गळ्यात हार पडला आणि समिती जुन्याच नावानं, सुभाषच्या ओट्यावर, पुढे चालू झाली.

अण्णा कचेरीत होते तोवर एसटी थांब्यावर माणसं त्यांना बघून उठून उभी राहायची, 'बसा साहेब' म्हणायची. आता तीच माणसं 'अण्णा, जरा बाजूला व्हा, गाडी दिसत न्हाई' म्हणतात. ते ओसरीच्या पायरीवर बसले. बोका येऊन त्यांना टेकला.

"लई हलका झाला का?" निर्मलाबाईंनी आतून विचारलं.

"झाला," अण्णा म्हणाले. "आता कुणाला ओझं नाही."

कधी त्या बाजूला गेलात, तर दोन्ही बोके बघून या. एक हार घालून ओट्यावर बसलेला असतो, दुसरा उंदरामागे असतो. जवळ काही खायचं असेल तर ते कुणापुढे ठेवाल? दुसऱ्यापुढे, असं लगेच म्हणू नका. गावात विचारलं तर सगळे तेच सांगतात, आणि मासे ओट्यावर नेतात.