भोये वायरमनचा फुटका सायलेन्सर

आमच्या शेजारचे भोये वायरमन स्वतःच्याच गाडीला आधी उलटा हात लावतात. म्हणजे तळवा नाही, हाताची मागची बाजू. हलकेच टेकवायची, थांबायचं आणि मग दार उघडायचं. एकदा न राहवून मी विचारलंच.

"ताई, करंट असला ना, तर तळवा चिकटून बसतो. उलटा हात आपोआप मागे येतो."

"अहो, पण उभ्या गाडीत कुठला करंट?"

"नसेलच, असं कोण सांगणार?"



माणसाची सगळी नोकरी विजेच्या खांबावर गेली. निवृत्त झाले आणि नाशिकच्या कुणाकडून ही पांढरी, छोटी, जुनी गाडी घेऊन आले. जव्हारला आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, तेव्हा गाडी त्यांनी घेतली, पण ऐकावी मलाही लागते. आणि ऐकावी लागते म्हणजे काय! तिचा सायलेन्सर फुटका. गाडी सुरू झाली की माझ्या मांडणीवरची भांडी वाजायला लागायची.

गाडीचं दुखणं मात्र ते विजेच्याच भाषेत सांगणार. घाटात इंजिन तापलं, की "ओव्हरलोड झाला, जरा ट्रिप होऊ द्या." मग बॉनेट उघडून दगडावर बसायचं. गिअर पडला नाही, की "फेज मिळत नाही." पहिल्यांदा रेडिएटर गळला तेव्हा तर हे टेस्टर घेऊन खाली वाकले होते. पाणी गळतंय हे मला ओट्यावरून दिसत होतं! मी सांगितलं, तर म्हणाले, "ते दिसतंय हो. फॉल्ट कुठून आला ते बघतोय."

आमचा अन्वर मिस्त्री मला रस्त्यात गाठून गाऱ्हाणं सांगायचा. "मावशी, तुम्ही तरी समजवा. क्लचप्लेट साडेपाच हजार, रेडिएटर तीन हजार, वायपरची मोटर वेगळी. एवढ्याची तर गाडी पण नाही. आणि मागच्या स्प्रिंगा बघा, दर उन्हाळ्यात बसतात. एकटा माणूस, वजन पन्नास किलो. गाडीत मागे बसतं कोण?"

हे कोडं मलाही पडलं होतं. आणि दुसरं त्याहून मोठं. बाकी सगळ्याला पैसे काढून देणारा हा माणूस सायलेन्सरला हात लावू देत नव्हता. "तो राहू दे," एवढंच. अन्वर म्हणे, अहो, वेल्डिंगचा टाका तरी मारतो. "तो राहू दे म्हटलं ना." का, ते नाही सांगणार.

दर गुरुवारी सकाळी सूर्यमाळच्या बाजूला जायचे, दुपारी परत. कशाला, तर "लाईन चेक करायला." निवृत्त माणूस कोणाची लाईन चेक करतो? मी आपली डोकं खाजवत बसायचे.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते नाशिकला लेकीकडे गेले. गाडी अन्वरकडे स्प्रिंगांसाठी. मला वाटलं, हा माणूस दरवर्षी मला भाऊबीजेची साडी घेतो, आपणही त्याच्यासाठी काही करावं. अन्वरला सांगितलं, नवा सायलेन्सर बसव, पैसे मी देते. अन्वर एवढा खूश झाला, की मजुरी घेतली नाही.

भोयेभाऊ आले. उलटा हात लावला, आत बसले, चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण त्यांना ते कळेचना. "सप्लाय नाही," म्हणत त्यांनी पुन्हा चावी फिरवली, तशी गाडी दात खाल्ल्यासारखी करकरली.

"अहो, सुरू आहे ती! मी नवा सायलेन्सर बसवलाय," मी हसत सांगितलं.

त्यांनी चावी मागे फिरवून गाडी बंद केली. म्हणाले, "बरं केलंत, ताई." इतकं हळू, की मला वाटलं गाडीबरोबर यांचाही आवाज गेला.

गुरुवारी गेले, दुपारी आले. मागच्या सीटवर पाण्याचे पाच मोठे कॅन, तोंडापर्यंत भरलेले. स्प्रिंगांचं कोडं तिथं सुटलं. पण भरलेले कॅन भरलेलेच परत?

"पलीकडची लाईन डेड आहे," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी मी विचारायच्या भानगडीत पडलेच नाही, सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. मोखाडा मागे पडला, चढ लागला. सूर्यमाळच्या अलीकडे एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली. वर टेकाडावर पाडा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉर्न वाजवला. त्या वळणावर सगळेच वाजवतात, मागून आलेल्या जीपनंही वाजवला आणि ती निघून गेली.

"वर जाऊन हाक मारा की."

त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. खांबांवर चढून चढून त्यांचे गुडघे कामातून गेलेत. मोबाईलला तिथं रेंज नाही.

अर्ध्या तासानं एक बाई डोक्यावर मोळी घेऊन उतरली. गाडी बघून थबकली.

"वायरमन! तुमी हायेत? गाडी तर ऐकलीच नाय! म्हातारी दोन गुरुवार कान लावून बसलीय. म्हणते, वायरमन मेला का काय."

मोळी टाकून ती वर पळाली. तेव्हा कुठे भोयेभाऊ बोलले. पावसाळ्यात लाईन तुटली की ते याच म्हातारीकडे मुक्काम करायचे, तिच्या हातची नागलीची भाकर खायचे. आता तिला दिसत नाही. टँकर पाणी विहिरीत ओततो, विहिरीत तिला उतरता येत नाही. पण कान तिखट. गाडी चार वळणं खाली असली तरी आधी तिला ऐकू यायची, मग ती पाड्यातल्या बायकांना हाका मारत खाली यायची.

"पूर्वी माझी सायकल दिसली की सगळा पाडा ओरडायचा, वायरमन आला, आता लाईट आली. आता जव्हारात लाईट गेली तरी मला कोणी विचारत नाही, ताई. इथं एक जण ऐकतं."

एवढं बोलायला या माणसाला किती वर्षं लागली!

म्हातारी आली. एका हातात काठी, दुसऱ्यात पानाच्या द्रोणात करवंदं. गाडी चाचपली.

"ही तुजी नाय."

"माझीच आहे, आये."

"मग बोलत का नाय ती?"

भोयेभाऊंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हे त्यांचे उपकार.

जव्हारात आल्यावर मी तडक अन्वरकडे गेले. जुना सायलेन्सर त्याच्या भंगारात पडला होता.

"मावशी, नवा काढून फुटका लावायचा?"

"हो."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. तू पाना घे."

त्यानं लावला, पण चेहऱ्यावरून कळत होतं, की त्याला काही म्हणजे काही समजलेलं नाही. या वेळी मजुरी मात्र पूर्ण घेतली.

गुरुवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते, तोच मांडणीवरची भांडी थरथरली. एक पेला खाली पडला. तो तसाच टाकून बाहेर आले. भोयेभाऊ गाडीबाहेर उभे होते, बॉनेटवर हात ठेवून. या वेळी सरळ तळवा होता.

"आली लाईट," म्हणाले, आणि निघाले.