मेश्राम सरांच्या दीर्घिका

मेश्राम सर लग्नाच्या मांडवात शिरले की आचारी आधी सिलिंडरकडे बघतो. एकदा वडशाच्या एका लग्नात ऐन पंगतीत ते मोठ्यानं म्हणाले, "ग्यास संपला का खेळ खल्लास!" आचारी झारा टाकून सिलिंडर हलवून पाहायला धावला. सर बोलत होते दीर्घिकांबद्दल.

आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवतात, मी मराठी. घरं शेजारी. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, हे मला सलूनमध्ये कळलं, तोंडाला साबण लावलेला असताना. सर बाजूच्या खुर्चीत होते.

"थंड ग्यास आहे तोवर नवे तारे होतात. तो सरला, तापला, नाईतर मधल्या कृष्णविवरानं उडवून लावला, का बंद! मोठे निळे तारे लवकर जळून जातात. रायतात ते बारके, लालसर. समजून राह्यले ना जी?"

समजलं म्हटलं तरी ते पुन्हा सांगत. लग्नकार्यात तर हे वेड फारच बळावायचं. लोक हात धुवायच्या निमित्तानं उठून जात.

मागच्या हिवाळ्यात गोंडपिपरीला माझ्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. सर आणि त्यांच्या पत्नी शालूवहिनी, दोघंही आले. त्यांना मूलबाळ नाही. पाळण्याभोवती बाया जमल्या, वहिनीही पुढं झाल्या. तेवढ्यात माझी म्हातारी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "तू थांब वो बाई. लेकुरवाळ्यांले येऊ दे पुढं."

वहिनी कोपऱ्यात जाऊन बसल्या.

सर पुरुषांच्या बैठकीतून ताडकन उठले. "आत्याबाई, दीर्घिका म्हणजे काय, ठाऊक आहे का तुमाले?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वहिनींना कोणी मुलाबाळांचं विचारलं की सरांचं व्याख्यान सुरू व्हायचं. लोक पळायचे, आणि तो विषयही तिथंच संपायचा. इतकी वर्षं मी नुसता हसत होतो.

पण आत्या पळणाऱ्यांतली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नवे तारे होत नाई, तर मंग ते मेलंच म्हणाचं."



"नाई जी. मेलं काऊन म्हणता?" सरांचा आवाज एकदम खाली आला. "नवे होत नाईत, इतकंच. हायेत ते जळतात. लई काळ जळतात. अंधार नाई होत तिथी."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या वहिनींकडे तिनं पाहिलं. तिनं पाळण्यातलं बाळ उचललं आणि वहिनींच्या मांडीवर दिलं.

"धर. मान सांभाळ त्याची."

सर दाराशी जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"अहो, तिथंच थांबा," वहिनी हळूच म्हणाल्या. "ऊन येत होतं याच्या डोळ्यावर, तुमच्यानं अडलं."

बाळ झोपेपर्यंत मेश्राम सर चौकट धरून उभे होते.