पोलिसांची बोट आणि चौदा आज्या

सरकारी अनुदानाचा अर्ज कसा लिहावा, हे मला विचारा! आमच्या बंदराच्या पोलीस ठाण्यात मी एकोणीस वर्षं कारकून आहे. बंदराच्या सुरक्षेसाठी वॉशिंग्टनहून अनुदान येतं. आमची गस्तीची बोट त्यातूनच आली आणि त्यावरच चालते. यंदाचा माझा अर्ज चांगला बेचाळीस पानांचा होता. तक्ते, नकाशे, आलेख! वाचणारा गार पडला पाहिजे.

तरी वरून कळवलं, तपासनीस येऊन बोट पाहणार. त्याला पटलं नाही तर अनुदान बंद, बोट विक्रीला आणि आमचे सार्जंट ओलिव्हेरियोकाका शाळेसमोर शिट्टी फुंकायला! बायको गेल्यापासून काकांचा सगळा जीव त्या बोटीत होता. जेवायलासुद्धा घरी जात नसत.

मी डोकं लढवलं. साहेबांना बोलावलं ते बोटींच्या आशीर्वादाच्या रविवारी! त्या दिवशी पाद्रीबाबा धक्क्यावर उभे राहून एकेका बोटीवर पवित्र पाणी शिंपडतात. बंदरात मुंगीला शिरायला जागा नसते. एवढी वर्दळ पाहिल्यावर सुरक्षा नको असं कोण म्हणेल?

"काका, बोट चकचकीत हवी हं!"

"तू बघच, डेल्फिना!"

रविवारी तपासनीस व्हिटकॉम्ब साहेबांना घेऊन धक्क्यावर गेले आणि माझे डोळेच पांढरे झाले. गस्तीची बोट कागदी फुलांनी मढली होती! वर पताका, पुढे मारियामाता आणि आत चौदा म्हाताऱ्या. आशीर्वादाला निघालेली बोट नटवायची आणि आळीतल्या विधवांना आधी बसवायचं, ही आमच्या पोर्तुगीज वस्तीची रीतच. मीही इथलीच. त्यामुळे 'हे करू नका' असं सांगावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"या सगळ्या पोलीस?" साहेबांनी विचारलं.

"स्वयंसेवक!" मी ठोकून दिलं.

"कसली स्वयंसेवक? मी सूप घेऊन आलेय," त्या चौदांतल्या दोना इदालीना, म्हणजे आमच्या इदालीनाबाई, आतून ओरडल्या. "साहेब, चार घास खाऊन घ्या. किती वाळलात!"

साहेबांनी विषय बदलला. "तो उष्णता टिपणारा कॅमेरा चालू करा."

काकांनी अभिमानानं बटण दाबलं. पडद्यावर भलंमोठं लालभडक काहीतरी पेटलेलं!

"बाप रे! हे काय?"

"सुपाचं पातेलं," काका पुटपुटले. "खाली जागा नव्हती म्हणून टपावर, कॅमेऱ्यापुढे ठेवलं."

साहेबांनी वही मिटली. "अनुदानाची बोट जत्रेसाठी नाही. हे अर्जात तुमच्याच सहीनिशी लिहिलंय."

काका वाकून एकेक फूल सोडवायला लागले. माझ्या अतिशहाणपणाची मला इतकी लाज वाटली की मीही मुकाट्यानं गाठी सोडवू लागले.

"राहू दे रे ती फुलं, ओलिव्हेरियो," दोना इदालीना म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "माझा नवरा याच बंदराच्या तोंडाशी बुडाला. तेव्हा मदत यायची दुसऱ्या गावाहून. दीड तासानं आली. गेल्या हिवाळ्यात माझा जावई तिथेच पाण्यात पडला. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. तुमच्या त्या कॅमेऱ्यात या ओलिव्हेरियोला तो दिसला. बारा मिनिटांत वर काढला त्याला. आता तो चिखलाचे बूट घालून घरभर फिरतो आणि मी रोज त्याच्यावर ओरडते. ओरडायला माणूस तरी आहे!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

"हे अर्जात कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही लिहिलं."

"का?"

"घरगुती वाटलं, साहेब."

त्यांनी बंदरातल्या गर्दीकडे पाहिलं. "एवढ्या गर्दीत गस्त हवीच. सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं घाला आणि निघा. वाटेत पाद्री लागले तर त्याला माझा इलाज नाही."

दोन महिन्यांनी पत्र आलं. अनुदान मंजूर! काकांनी माझ्याकडून ते चारदा वाचून घेतलं, आणि चौथ्यांदा खिडकीकडे तोंड करून ऐकलं. पत्राखाली एक शेरा होता: 'पुढचा अर्ज शक्यतो दोना इदालीना यांच्याकडून लिहून घ्यावा.'

आता दर मंगळवारी त्या माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतात. त्या सांगतात, मी टाइप करते. बेचाळीस पानांचं दीड पान झालंय. परवा मी हळूच एक तक्ता घुसवला.

"हे काय गं, डेल्फिना?"

"तक्ता, दोना इदालीना."

"काढ."

काढला.