काकडी घ्या, बी मागू नका

वैशाखात दुपारी बारा वाजता कार्ला गावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. नेमक्या त्याच वेळी आमच्या शेजारच्या शेवंतामावशी परसात गोणपाटावर बसलेल्या असतात. हातात उघडी काळी छत्री. छत्री काकडीच्या वेलावर, मावशी उन्हात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, म्हातारीला ऊन लागलं असावं. म्हटलं, "मावशी, छत्री डोक्यावर घ्या." त्या म्हणाल्या, "माझं काय, मी पंच्याहत्तर उन्हाळं बगितलं. तिचा पैला हाय."

मी तळेगावच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वेलाची आकृती फळ्यावर काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर कार्ल्यात घर बांधलं ते केवळ परसबागेच्या हौसेनं. शेडनेट आणलं, ठिबक बसवलं, माती तपासून घेतली. तरी चार उन्हाळे माझी काकडी बोटाएवढी होते आणि पिवळी पडून गळते. कुंपणापलीकडे तीच माती, तेच दिवसाआड येणारं नळाचं पाणी, आणि मावशींच्या मांडवाला हातभर काकड्या लोंबतात. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. सकाळी दात घासताना नजर तिकडेच जायची आणि मग चहा गोड लागायचा नाही.

त्यात आमची सुनंदा. "मावशींच्या काकडीची कोशिंबीर केलीय," असं ती दर जेवणाला मुद्दाम नाव घेऊन सांगायची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. माझ्या कुठल्या गुणाचं तिनं इतकं कौतुक केलेलं मला आठवत नाही. तिनं एकदा, फक्त एकदा, "तुमची काकडी छान झालीय हो" म्हणावं, एवढीच आता माझी इच्छा उरली होती.

मावशींना युक्ती विचारली तर उत्तर ठरलेलं. "तुमी तिला इचारलं का?" पाणी कधी घालायचं? तिला विचारा. शेणखत किती? तेही तिलाच विचारा. एकदा आसपास कोणी नाही असं बघून मी खरंच वेलाजवळ वाकून विचारलं. मागे सुनंदा उभी होती. तो किस्सा आमच्या नातेवाइकांत अजून चालू आहे.

काकडी द्यायला मावशींचा हात सढळ. मात्र न्यायला येणाऱ्यानं ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, घरचं सगळं सांगायचं. तासाभरानं कधीतरी काकडी हातात पडायची. लोक म्हणत, हायवेवर टोपली घेऊन बसा, लोणावळ्याच्या गाड्या थांबतील. मावशी म्हणायच्या, "गाडीवाला काच खाली करतो, काकडी घेतो नि जातो. खालीबी उतरत न्हाई." मला तो नुसता तऱ्हेवाईकपणा वाटायचा.

बी मात्र मिळत नसे. "काकडी घ्या, बी मागू नका." द्यायच्या त्या कोवळ्या काकड्या, त्यातलं बी रुजत नाही, मी तीनदा वाळवून पाहिलंय. पिकलेल्या काकडीचं बी त्या शेणात नि राखेत कालवायच्या आणि त्याचे गोळे मागच्या भिंतीला थापून ठेवायच्या. ती भिंत बरोबर माझ्या खिडकीसमोर होती.

यंदा होळीच्या सुमारास मावशी पुतण्याच्या घरच्या लग्नाला आंबीला गेल्या. जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या मी त्या दिवशी कुंपण ओलांडलं, भिंतीवरचा एक गोळा उचकटला आणि लेंगा तारेत फाडून घेऊन परत आलो. बी पाण्याच्या टाकीमागे लावलं. सुनंदाला सांगितलं, नर्सरीतून आणलंय. वैशाख लागला तेव्हा वेलावर तीन काकड्या हातभर झाल्या होत्या. दुपारी मी त्यांच्यावर छत्री धरत होतो, हेही सांगून टाकतो.

अशाच एका दुपारी मावशी सुनंदाकडे विरजण मागायला आल्या आणि टाकीमागून वर आलेली छत्री त्यांना दिसली. त्या सरळ तिकडे आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी वेलाचं एक पान उलटून पाहिलं. "ही माझ्या भिंतीवरली," त्या म्हणाल्या.

मला आधी लाज वाटली आणि लाजेमागोमाग राग आला. "चार वर्षं मागतोय मावशी. मूठभर बी. दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

मावशी टाकीच्या कठड्यावर बसल्या. "धाकट्या जावंला दिलं हुतं. हितंच ऱ्हाती, देवळामागं. आदी रोज यायची काकडीला. तिच्या दारात वेल झाला, मंग कशाला येती? पुतण्याला दिलं, त्योबी आता लग्नापुरता बोलावतो." पदरानं घाम पुसून त्या म्हणाल्या, "काकडी संपती गुरुजी, म्हणून माणूस परत येतं. बी संपत न्हाई."

मी चार वर्षं या बाईच्या मांडवावर जळत होतो. त्या मांडवाखाली बसून ती कुणाची वाट बघते, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सुनंदा विरजणाची वाटी घेऊन आली आणि वेलाकडे बघतच राहिली. "अगंबाई, तुमच्या हातची? बघू कशी लागते."

मी एक काकडी तोडली, मधोमध मोडली आणि आधी स्वतःच चावली. इतकी गोड काकडी मी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती.

"कडू आहे," मी सुनंदाला म्हणालो. "आपल्याला मावशींचीच लागणार."

मावशींनी दुसरा अर्धा तुकडा माझ्या हातातून घेतला. एक घास सावकाश चावत माझ्याकडे बघत राहिल्या.

"लय कडू," त्या सुनंदाला म्हणाल्या. "गुरुजींना उद्यापासनं रोज माझ्याकडं धाडत जा." आणि उरलेली काकडी देठापर्यंत खाऊन टाकली.