हैबतराव सशाचा पिवळा पट्टा

एका जंगलात, म्हणजे जंगल संपतं आणि शहराच्या इमारती दिसायला लागतात ना, अगदी तिथे, हैबतराव नावाचा ससा राहत होता. नाव हैबतराव, पण पान हललं तरी पळायचा. हसू नका रे! पळत होता म्हणून तर जिवंत होता.

त्याचा एक माळ होता. माळावर लुसलुशीत गवत. बायको चंपा आणि पिल्लं तिथे दिवसभर चरायची. सगळं छान चाललं होतं. मग विकास आराखडा आला.

विकास आराखडा म्हणजे जंगलाचा रंगवलेला नकाशा. हिरव्या भागात गवत ठेवायचं, पिवळ्या भागात इमारती बांधायच्या. रंग भरायचं काम सरडेसाहेबांकडे होतं. सरड्याकडेच का, ते मला विचारू नका.

हैबतरावाचा माळ हिरवा निघाला. शेजारच्या ठकूबाई घुशीचं रान पिवळं.

बघता बघता ठकूबाईच्या रानात इमारत उभी राहिली. तिला सातव्या मजल्यावर बीळ मिळालं. ती गॅलरीतून ओरडायची, "काय हैबतराव, अजून गवतच का?"

हैबतरावाला गवत गोड लागेना.

"चंपे, आपल्यावर अन्याय झालाय."

"कसला हो? पिल्लांची पोटं भरताहेत की."

"पोट काय, कुणाचंही भरतं. गॅलरी आहे का आपल्याला?"

तो सरडेसाहेबांकडे खेटे घालू लागला. जाताना टोळांचा डबा न्यायचा. गवत खाणाऱ्याने टोळ पकडायचे म्हणजे केवढे कष्ट! अखेर एकदा साहेब नकाशावर आडवे झाले, डोळे मिटून घेतले आणि हळूहळू पिवळे पडले. माळही पिवळा झाला.

चंपा रडली. हैबतराव नाचला.

माळावर 'हरित माळ रेसिडेन्सी' उभी राहिली. हैबतरावाला गॅलरी मिळाली. खाली गवतसुद्धा होतं, मऊ, एकसारखं. धाकट्या पिल्लाने धावत जाऊन त्याचा घास घेतला आणि ते प्लॅस्टिक त्याच्या घशात अडकलं. चंपाने पाठीत थापट्या मारून ते बाहेर काढलं. मग ते पातं तिने नवऱ्याच्या हातात ठेवलं.

हैबतराव तडक सरडेसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, पिल्लांना गवत हवं. हिरवा पट्टा हवाच!"

साहेबांना भरून आलं. ते क्षणात हिरवे झाले. "शाब्बास! मग तुमची इमारत पाडू या?"

"माझी? छे छे! समोर भिवा साळिंदराचं रान आहे ना, ते हिरवं करा. कायमचं."

भिवाचं रान हिरवं झालं. भिवाला कुणी विचारलं नाही. रेसिडेन्सीतल्या सगळ्यांनी गॅलरीत येऊन टाळ्या वाजवल्या.

भिवा खाली कंद उकरत होता. त्याने मान वर केली. "इतकं आवडतंय तर खाली या की. मिळून खाऊ."

कुणी हललं नाही. चंपा मात्र पिल्लांना घेऊन उतरली आणि त्या रानात शिरून चरू लागली. पिल्लं अधाशासारखी खात होती.

वरून हैबतराव गरजला, आयुष्यात पहिल्यांदाच.

"चंपे, बाहेर ये! हिरव्या पट्ट्यात चरायला मनाई आहे!"

तात्पर्य: बाळांनो, निसर्गावर जिवापाड प्रेम करावं. सातबारा मात्र शेजाऱ्याचा असावा.